अंगठ्याचा दाब

चंद्रभाननं नाकतोडा पंखांच्या मुळाशी चिमटीत धरला, उलटा केला आणि शेपटाकडचं टोक डोळ्यांजवळ नेलं. टोक दुभंगलेलं होतं.

"मादी," तो म्हणाला आणि त्यानं ती बांधापलीकडे भिरकावून दिली.

नवसीनं कंबरेवर हात ठेवला. खाचर तिचं, बांध तिचा, आणि गेला आठवडाभर ती या पालघरच्या मास्तरासाठी भातातून वाकून वाकून नाकतोडे धरत होती.

"मास्तर, तुमी तिला सोडून काय देता? ती माझ्याच बांधात अंडी घालील. मारा तरी."

"मला फक्त नर हवेत, नवसीबाई."

"नर घ्या की. पन मादी मेली तं तुमचं काय जातं?"

खरंच काय जात होतं? पुढची मादी हाताला लागली ती त्यानं सरळ टाचेखाली घेतली. नवसीला बरं वाटलं. मासवणच्या त्या उतारावर पाऊस नीट पडला होता, पेर चांगली झाली होती, लावणी वेळेवर झाली होती, आणि आता भाद्रपद सरता सरता भाताच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. वाऱ्यावर शेत सळसळायला हवं, ते नुसतं खरखरत होतं. बाई चिडणार नाही तर काय करणार?

"कीड मारायचे सरकारी भुकटीवाले खाली दर्यावर, घिवलीला जातात," ती टोपलीचं झाकण लावत म्हणाली. "तिथं पांढरे करून ठेवतात बांध. आमचेकडं कोन येत नाय. इचारलं तं बोलतात, तुमचे नाकतोडे तिकडूनच उडून येतात, तिकडं मारले का इकडं आपोआप मरतील. दोन सालं झाली. हे बघा, मेलेत का?"

"असं सांगणारा माणूस परवा पालघरला येतोय."

"कोन?"

"जठारसर. मुंबईचे. मोठे आहेत."

"मंग मी येते. मला बघायचाय तो."

"ये. टोपली घेऊनच ये," चंद्रभान म्हणाला. त्यालाही बघायचाच होता.

आता चंद्रभानचा राग काय होता, तो सांगायला हवा. साधासुधा नव्हता. तीन वर्षं जपलेला, रोज थोडं थोडं खाऊ घालून पोसलेला राग होता तो. संगमनेरकडच्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईच्या कॉलेजात बळवंतराव जठारांच्या हाताखाली संशोधनाला लागला, तेव्हा घरच्यांनी गावात पेढे वाटले होते. विषय मिळाला भातावरच्या नाकतोड्यांचा. किनाऱ्यावरचे नाकतोडे आणि डोंगराकडचे नाकतोडे दिसायला सारखे. पण आतून, पेशींत, सारखे आहेत का ते बघायचं. सरांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. एकच जात, एकच थवा, किनाऱ्यावर जन्मतो आणि वाऱ्याबरोबर वर जातो. तसा अहवालही त्यांनी शेती खात्याला देऊन टाकला होता. शिष्यानं फक्त काचा करून तेच दाखवायचं होतं.

काच करायची म्हणजे काय, तर कोवळ्या वयाचा नर घ्यायचा, त्याच्या पोटातला वृषणाचा पिवळसर पुंजका सुईनं सोडवायचा, त्यातलं तांदळाच्या कणीएवढं काही लाल रंगाच्या थेंबात भिजवायचं, सुईच्या टोकानं टोचून सैल करायचं, वर पातळ चौकोनी काच ठेवायची, टिपकागद ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. सगळी कला त्या शेवटच्या दाबात. दाब सरळ खाली गेला पाहिजे. अंगठा केसभर जरी बाजूला सरकला तरी पेशी फाटतात, एकीची गुणसूत्रं दुसरीत जाऊन पडतात, आणि मग मोजणाऱ्याला पाहिजे तेवढी मोजता येतात. दाब नीट असला तर नाकतोड्याच्या नराच्या पेशीत अकरा जोड्या दिसतात आणि त्यांच्याशेजारी जोडी नसलेलं एक गुणसूत्र, एकटं.

चंद्रभानच्या काचांत घिवलीचे नाकतोडे तसेच निघाले. मासवणच्या नाकतोड्यांत मात्र त्या एकट्याच्या शेजारी आणखी एक होतं. बारकं, गडद, कुणाशी जोडी नसलेलं. एका नरात नाही, बहुतेकांत. म्हणजे मासवणचे नाकतोडे घिवलीहून उडून आलेले नव्हते. ते तिथलेच होते, तिथल्याच बांधांतून निघत होते, पिढ्यान्‌पिढ्या. पोरगा आनंदानं सरांकडे धावला. धावायला नको होतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

प्रबंध तपासणाऱ्या समितीसमोर सरांनी त्याच्या हातातून काच घेतली. "आण इकडे, मी लावतो," म्हणाले, आणि स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ बघितलं. मग समितीतल्या दोघांना बोलावलं. त्या दोघांनी डोळा लावला आणि एकमेकांकडे बघितलं. काचेवर नुसता चिखल होता. सकाळी चंद्रभाननं तीच काच बघितली होती तेव्हा पेशी न्‌ पेशी सुटी होती.

"अंगठा नांगराचा आहे हो याचा," सर हसून म्हणाले. "सवय कशी जाणार?"

ते दोघं हसले. प्रबंध अडकला. कॉलेजात ते वाक्य आठवडाभर फिरलं, वसतिगृहाच्या जेवणघरात कुणीतरी त्याला ताट देताना अंगठा दाखवला, आणि महिन्याभरात चंद्रभान आहेर पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाला. घरी त्यानं सांगितलं की तिकडची हवा मानवते. किती तरी दिवस तो फळ्यावर लिहिता लिहिता खडू धरलेल्या अंगठ्याकडे बघत राही. लाज आधी वाटली, मग संताप, आणि मग संतापच उरला. पण काम त्यानं सोडलं नाही. दर पावसाळ्यात तो सुट्टीच्या दिवशी घिवलीला जाई, मासवणला जाई. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं, सिमेंटचे ट्रक धूळ उडवत जात, हिंदी बोलणारे मजूर बोईसरच्या रस्त्यावर त्याला जाळी घेऊन चाललेला बघून हसत. हसू देत. त्याला एकाच माणसाचं हसू पुसायचं होतं.

मग विद्यापीठानं दुसरा परीक्षक नेमला. डॉ. उषाबाई नाबर, भाताच्या किडींवर आयुष्य घालवलेली बाई. तिनं सगळं वाचलं आणि एवढंच कळवलं की हाच निष्कर्ष दुसऱ्या हातानं निघाला तर प्रबंध पुढे नेता येईल.

दुसरा हात. चंद्रभाननं ते वाचलं आणि त्याला जगात एकच हात दिसला. ज्यानं आपला अंगठा नांगराचा ठरवला, त्याच्याच अंगठ्याखालून ते बारकं गुणसूत्र निघालं पाहिजे. त्यानंच दाबायचं, त्यानंच डोळा लावायचा, त्यानंच मोजायचं, आणि हे सगळं उषाबाईंच्या देखत. त्यासाठी त्यानं मुख्याध्यापक बोराडेगुरुजींच्या डोक्यात भातकिडींच्या मेळाव्याची कल्पना घातली. गुरुजींना हारतुऱ्यांची हौस. प्रमुख पाहुणे कोण, तर आमचे आहेरसर ज्यांचे विद्यार्थी ते जठारसाहेब. परीक्षणाला कोण, तर उषाबाई. दोन्ही होकार आले तेव्हा चंद्रभाननं शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक बाहेर काढून पुसला. पुसताना तो गुणगुणत होता, असं शिपाई चिंधूनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

मेळाव्याच्या दिवशी जठारसर टांग्यातून उतरले ते वाळलेले दिसत होते. कोट मात्र तोच, करडा. उजवा हात कोटाच्या खिशात. गुरुजींनी हार घातला तेव्हा सरांनी नमस्कारसुद्धा केला नाही, नुसती मान लववली. चहा आणला तर नको म्हणाले. सत्काराचा नारळ डाव्या हातानं घेतला. मस्ती उतरलेली नाही अजून, चंद्रभाननं मनात म्हटलं, आणि त्याला बरंच वाटलं. उतरलेली मस्ती उतरवण्यात काय मजा?

भाषणात सर तेच बोलले. किनारा, वारा, एक थवा. सभागृहाच्या दारात उभ्या नवसीनं ते ऐकलं आणि शेजारच्या बाईला मोठ्यानं विचारलं, "हाच का तो?"

भाषण झालं, टाळ्या झाल्या. गुरुजी जेवणाची व्यवस्था बघायला गेले आणि बाकीचे प्रयोगशाळेत आले. उषाबाई आल्या, जठारसर आले, नवसीही टोपली घेऊन दारात उभी राहिली. उषाबाई ठेंगण्या, खादीच्या साडीतल्या, बोलायला कमी. त्यांनी टोपली बघितली आणि त्या सूक्ष्मदर्शकाकडे जायच्याऐवजी दारातच थांबल्या.

"हे तुमच्या शेतातले?"

"माझ्याच."

"बांध कधी खणता तुम्ही?"

"खनायचा कशाला? बांध मोडंल ना."

"अंडी तिथेच असतात म्हणून विचारते. किती खोल असतात, बघितलंय कधी?"

नवसीनं टोपली खाली ठेवली आणि हातानं खोली दाखवायला लागली. दोघी व्हरांड्यात उन्हाला सरकल्या. चंद्रभाननं ते बघितलं. बाई हाकेच्या अंतरावर होत्या, मोजायच्या वेळी बोलावता येईल, एवढाच विचार त्यानं केला.

त्यानं मासवणचा एक नर आधीच काढून ठेवला होता. पोट उघडलं, पुंजका सोडवला, दोन भाग केले, रंगाच्या दोन थेंबांत भिजत घातले. हात सराईत होते, घाई नव्हती. सर स्टुलावर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "छान सोडवतोस."

चंद्रभाननं हात पुसला. पहिल्या थेंबावर पातळ काच ठेवली, टिपकागद ठेवला आणि सगळं सरांच्या पुढे सरकवलं.

"सर, आज दाब तुमचा. बाईंनी दुसरा हात मागितलाय."

"तूच दाब. मी बघतो."

"नाही सर. माझा अंगठा नांगराचा आहे."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून हात काढला.

हात कापत होता. भात उकळायला लागला की पातेल्यावरचं झाकण हलतं तसा, आपला आपण, थांबण्याचं नाव नाही. सरांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी बोटं हलतच राहिली. अंगठा टिपकागदावर आला, टेकला, आणि टेकता टेकताच पातळ काच बाजूला सरकली. टिपकागदाला लाल डाग फुटला.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी चंद्रभानला आनंद झाला. तोंडात गूळ ठेवावा तसा. त्यानं ती बिघडलेली काच उचलली आणि केवळ सवयीनं भिंगाखाली सरकवून डोळा लावला. आत पेशी फाटलेल्या होत्या. एकीचं दुसरीत, दुसरीचं तिसरीत, सगळीकडे एकाच बाजूला ओढल्यासारखे धागे. चिखल.

हा चिखल त्यानं आधी बघितला होता. अगदी हाच, एका बाजूला ओढलेला. समितीच्या दिवशी, ज्या काचेवर त्याच्या अंगठ्यानं सकाळी पेशी न्‌ पेशी सुटी पाडली होती, त्या काचेवर. आण इकडे, मी लावतो. तेव्हा ती काच कडेनं मेणानं बंद केलेली नव्हती. वरची पातळ काच सरकायला एक थरथरतं बोट पुरेसं होतं.

त्यानं डोळा काढला नाही. डोळा काढला असता तर समोरची बाटली त्यानं कुठे फेकली असती, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"किती दिवस आहे हे, सर?" त्यानं भिंगातच बघत विचारलं.

व्हरांड्यात नवसी सांगत होती की नांगराच्या फाळाला कधी कधी अंड्यांची बोंडं लागतात.

"तू होतास तेव्हा नुकतं लागलं होतं," सर हलक्या आवाजात म्हणाले. "तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. अजूनही नाही. घरात आहे माहीत. चंद्रभान, दुसरा थेंब आहे ना? तो तू दाब. बाई येतायत."

बाई खरंच येत होत्या. चंद्रभानला काहीच ठरवायला वेळ नव्हता, आणि हातांना ठरवावं लागलं नाही. नवी काच, टिपकागद, अंगठा. सरळ खाली, श्वास रोखून, आणि सरळ वर. तीन वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? काच भिंगाखाली गेली तेव्हा सरांचा हात परत खिशात गेला होता आणि दोघंही सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते, गुरू आणि शिष्य.

"झाली?" उषाबाईंनी विचारलं आणि बसून डोळा लावला.

त्या बराच वेळ बघत होत्या. एक पेशी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. ओठ हलत होते.

"अकरा जोड्या," त्या शेवटी म्हणाल्या. "हा एकटा. आणि हा कोण?"

"तोच," चंद्रभान म्हणाला.

"सगळीकडे आहे. फाटलेली पेशी एकही नाही, तेव्हा शेजारून आलाय असंही म्हणता येत नाही. घिवलीची काच आहे?"

त्यानं दिली. कालच करून मेणानं बंद केलेली. बाईंनी तीही तशीच, पेशी पेशी करून बघितली. अकरा जोड्या, एकटा एक. बस्स. बाईंनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"दोन वेगळे आहेत. घिवलीचे वेगळे, मासवणचे वेगळे. आहेर, हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी म्हणत होतात."

नवसी दारातून पुढे आली. "म्हंजे बाई, माझे नाकतोडे माझ्याच बांधातले?"

"तुमच्याच बांधातले. घिवलीत कितीही भुकटी टाकली तरी तुमचे मरणार नाहीत. बांध खणायला लागेल, आणि भुकटी तुमच्याकडे यायला लागेल."

"हे मी दोन सालं बोलते," नवसी म्हणाली आणि जठारसरांकडे रोखून बघत राहिली.

उषाबाईंनी परत एकदा मासवणच्या काचेला डोळा लावला, नुसता बघण्याच्या सुखासाठी. "काय दाब आहे. इतकी स्वच्छ काच मी कित्येक दिवसांत बघितली नाही. खरं तर मी आज स्वतःच दाबणार होते, त्यासाठीच आले होते. कुणी केली ही?"

चंद्रभानचं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी सर बोलले.

"मी."

सर उठून उभे राहिले. आवाज वर्गात असायचा तसाच होता, जाड, सावकाश. "मी दाबली. तेव्हा आता शंकेला जागा नाही. आहेर बरोबर होता आणि मी चुकलो होतो. तुम्ही तसं लिहा, बाई. खात्याला मी स्वतः कळवतो."

"मग प्रश्नच मिटला," उषाबाई म्हणाल्या. त्या चंद्रभानकडे वळल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "डिसेंबरपर्यंत पदवी हातात येईल तुमच्या. अभिनंदन."

घ्या. सगळं मिळालं. प्रबंध सुटला, नावावरचा डाग गेला, भुकटी मासवणला निघाली, आणि हे सगळं कुणाच्या तोंडून, तर जठारांच्या. मागायला गेला असता तर एवढं मिळालं नसतं. दुसरा कुणी असता तर सरांच्या पायाशी वाकला असता. म्हाताऱ्यानं खोटं बोलून का होईना, पदरात टाकलं सगळं.

पण चंद्रभान उभा होता तिथेच उभा राहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी, म्हणाला हा माणूस. मी दाबली. तेव्हा हात याचा कापला आणि दोष माझ्या अंगठ्यावर टाकला. आज अंगठा माझा चालला आणि याच्या नावावर गेला. चिखल झाला तर माझा, स्वच्छ झालं तर याचं. दोन्ही वेळा माझाच अंगठा यानं उचलला आणि पाहिजे तिथे ठेवला. आणि वर उपकार. आयुष्यभर सांगत फिरेल की मी त्या पोराला पदवी मिळवून दिली. खिशातला तो हात मात्र खिशातच राहील, कुणाला कळणार नाही. चुकलो, म्हणाला. चुकला नव्हता. काच कुणाच्या हातानं बिघडली ते त्याला तेव्हाच माहीत होतं.

दारात बोराडेगुरुजी आले, कपाळावरचा घाम पुसत. "चला मंडळी, पानं वाढलीयत."

"एक मिनिट, गुरुजी," चंद्रभान म्हणाला.

त्याचा आवाज फार आदबीचा होता. इतका, की गुरुजींनाही कौतुक वाटलं.

"सर, आणखी एक करता का? बाईंनी काच बघितली, तुमचा हात नाही बघितला. त्या तेव्हा बाहेर होत्या."

सरांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. विनंती होती, उघडी, आणि ती चंद्रभानला नीट वाचता आली.

"गाडी आहे मला," सर म्हणाले.

"गाडीला वेळ आहे, सर. टांगा मीच सांगितलाय."

"खरंच दाखवा ना," उषाबाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. "इतका सरळ दाब कसा देता, मला बघायचंय. आमच्याकडच्या मुलांना शिकवीन."

"साहेबांचा हात म्हणजे काय," गुरुजी म्हणाले आणि बघायला पुढे झाले.

"नवसीबाई, एक नर," चंद्रभान म्हणाला.

नवसीनं टोपलीत हात घातला, एक उलटा करून शेपूट बघितलं, टाकला, दुसरा काढून दिला. इतक्या दिवसांत तीही शिकली होती. चंद्रभाननं तो घेतला, पोट उघडलं, पुंजका सोडवला, थेंबात भिजवला. रंग चढायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला. सरांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं, मग ते स्टुलावर बसले.

चंद्रभाननं पातळ काच पुसून थेंबावर ठेवली. वर टिपकागद ठेवला. मग त्यानं उषाबाईंसाठी खुर्ची सरांच्या उजव्या बाजूला ओढली, अगदी जवळ, नीट दिसावं म्हणून.